मी साखर मारत नाही

मित्रांनो, मी एक जुना विजेवरचा प्रेशर कुकर आहे आणि मला राग आला आहे. कुकर म्हटला की तो तापणारच, असं तुम्ही म्हणाल. पण तो ताप वाफेबरोबर निघून जातो. हा राग मात्र कित्येक वर्षं माझ्या पोटात आहे. आज झाकण काढून तो तुमच्यापुढे ठेवायचं मी ठरवलं आहे.

माझी अवस्था आता बघण्यासारखी राहिलेली नाही. माझा एक कान तुटला आहे. बटणांवरची अक्षरं पुसली गेली आहेत आणि आतल्या भांड्याचा काळा मुलामा तळाशी उडाला आहे. त्याचं मला दुःख नाही. काम करणाऱ्याच्या अंगावर ओरखडे यायचेच. मला राग आहे तो माझ्या पोटावर चिकटवलेल्या एका चिठ्ठीचा, आणि ती डोळे मिटून वाचणाऱ्या माणसांचा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या झाकणात रबरी रिंग बसवली, दुसरीने पाणी भरून माझा दाब तपासला. मी कुठेही गळलो नाही. तेव्हा मला फार अभिमान वाटला. मग शेवटच्या टेबलावर एका माणसाने माझ्या तोंडाकडेही न बघता माझ्या पोटावर एक हिरवी चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'मधुमेहींचा मित्र'. आदल्या आठवड्यात त्याच टेबलावर, त्याच साच्यातून निघालेल्या माझ्या भावंडांना 'बाळाच्या पहिल्या घासासाठी' अशी गुलाबी चिठ्ठी लागली होती. कुकर तोच, तारा त्याच, दाबही तोच. मालकाला जे खपवायचं असेल ते तो चिकटवतो आणि आम्ही ते मिरवत दुकानात जातो.

दुकानात मला आत्याने घेतलं. ती माझी आत्या नव्हे, पण पुढे ज्या घरात मी राहिलो तिथे सगळे तिला आत्याच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. उंच, खणखणीत आवाजाची बाई. तिची आई लवकर गेली. धाकट्या भावाला तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलं. भाऊ पन्नाशी ओलांडून गेला, डोक्यावर टक्कल पडलं, तरी तिच्या तोंडी तो 'छोट्या'च होता. त्या छोट्याला मधुमेह निघाला होता आणि तिला चैन पडत नव्हतं.

"यातलं खाल्लं की साखरवाल्यांना चालतं का हो?" तिने दुकानदाराला विचारलं.

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिक्सर दाखवत होता. "चालतं की! लिहिलंयच ना वर," तो म्हणाला.

उचलली जीभ लावली टाळ्याला. यात काय शिजवलेलं चालतं, किती चालतं, कुणाला चालतं, काही नाही. मला तेव्हाच शिट्टी मारून ओरडावंसं वाटलं. पण आम्हा विजेवरच्या कुकरांना शिट्टीही नसते. काम झालं की फक्त टुं टुं करायचं, एवढीच आमची वाणी.

छोट्याचं घर दुमजली होतं. खाली रस्त्याला लागून त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान आणि वर दोन खोल्या. तो आणि त्याची मुलगी मिळून दुकान चालवत. दिवसभर खालून किल्ली घासायच्या यंत्राचा किरकिराट वर स्वयंपाकघरात ऐकू यायचा. त्याच्या हाताची मोठी ख्याती होती. गंजलेल्या कुलपाच्या भोकात तो नुसता डोकावायचा आणि आतल्या खाचा कशा आहेत ते सांगायचा. घरात सगळे त्याला बाबा म्हणत, म्हणून मीही आता तेच म्हणतो.

पहिल्या दिवशी आत्याने मला ओट्यावर ठेवलं आणि घराला कायदा वाचून दाखवला. "वहिनी, ऐक. आजपासून छोट्याचं सगळं यातच शिजवायचं. यात साखर मरते."

"मरते म्हणजे कुठे जाते, वन्सं?" बाबांच्या बायकोने, म्हणजे घरातल्या आईने, विचारलं.

"वाफेतून जाते. विजेची उष्णता वेगळी असते. आपल्याला काय करायचंय, मरते ना? मग झालं."

वाफेतून जाते म्हणे! मित्रांनो, माझ्यातून वाफ जाते ती पाण्याची. तांदळातलं पिष्ट तांदळातच राहतं, आणि ते पोटात गेलं की त्याची साखर होते. ती मारायची विद्या माझ्याकडे नाही, माझ्या बापजाद्यांकडे नव्हती. पण मला कोण विचारतो! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो, ते झाकण घट्ट लावलेल्या कुकरला विचारा.

पहिल्याच दिवशी माझ्यात काठोकाठ पांढरा भात लागला. दुसऱ्या दिवशी बटाटे. मग भात आणि बटाटे. त्याआधी बाबा, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, मूठभर भात मन मारून खायचे. आता ते ताट पुढे सरकवून म्हणायचे, "वाढ अजून. कुकरमधलंच आहे ना?" आणि आईही वाढायची, कारण नवरा पोटभर जेवतो आहे याहून मोठं सुख तिला माहीत नव्हतं. एकदा तर आत्याने येऊन माझ्यात दूध, तांदूळ आणि दोन वाट्या साखर घातली. "बिचाऱ्याने कधी गोड खाल्लंय? यात मरेल सगळी," ती म्हणाली. मी ते मुकाट्याने शिजवलं. इतकं दाट आणि इतकं गोड झालं होतं की डाव उभा राहत होता. बाबांनी दोनदा घेतलं आणि माझ्या झाकणावर प्रेमाने थाप मारली.

ती थाप मला अजून जाळते. शेजारपाजारचे मला बघायला येत. "हाच का तो साखर मारणारा?" असं विचारत. मला पुसूनपासून, वर पांढरं फडकं घालून ठेवत. इतका मान मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही आणि असला मान कुणाला मिळूही नये.

थोड्या दिवसांनी बाबांनी गोळ्या अर्ध्यावर आणल्या. मग बंदच केल्या. "कुकर आहे की. कशाला पोटात विष?" असं त्यांनी स्वतःच ठरवलं. डॉक्टरांना कळवलंही नाही. तपासणीचा दिवस आला की आदल्या दिवशी मात्र त्यांना शहाणपण सुचायचं. त्या दिवशी भात नाही, बटाटा नाही, कोबी उकडून त्याचं पाणी आणि लवकर झोप. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं की आकडा बरा यायचा. मग आत्या दारातूनच विचारायची, "काय म्हणाले होते मी?" परीक्षेच्या आदल्या दिवशी एक धडा पाठ करून वर्षभर हुशार म्हणून मिरवणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्यातलाच हा प्रकार.

पण शरीर असं फसत नाही. पहिल्यांदा मला दिसलं ते माझ्याच पाटीवर. माझ्या पोटावर लाल आकडे उमटतात. बाबा पूर्वी ते दारातून वाचायचे. हळूहळू ते ओट्यापाशी येऊन वाचू लागले, मग वाकून, आणि शेवटी त्यांचं नाक मला टेकायचं. "याचे दिवे मंद झालेत," असं ते म्हणायचे. नाचता येईना अंगण वाकडं! माझे दिवे जसेच्या तसे होते.

खाली दुकानातही गडबड सुरू झाली. गिऱ्हाइकं परत येऊ लागली. "अहो, ही लागत नाही." "ही अर्धी फिरते आणि अडकते." बाबा चिडायचे, कुलपालाच नावं ठेवायचे. मग आवाज बंद व्हायचा आणि थोड्या वेळाने यंत्र पुन्हा किरकिरायचं. तो हात बाबांचा नसायचा. मुलगी त्यांच्या माघारी त्यांच्या किल्ल्या गुपचूप पुन्हा घासायची. एक दिवस ती वर पाणी प्यायला आली आणि आईला हळूच म्हणाली, "आई, बाबांना दिसत नाहीये गं. ते कबूल करणार नाहीत. तू बोल ना."

"वय झालंय. चष्म्याचा नंबर वाढला असेल," आई म्हणाली आणि माझ्यात भाताचं पाणी मोजू लागली.

मला त्या माउलीचाही राग आला होता, मित्रांनो. तिचा हात प्रेमाचा होता हे मला ठाऊक आहे. पण प्रेमाने चुकीची किल्ली घातली म्हणून कुलूप उघडत नाही.

मग ती सकाळ आली. बाबा खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि उजव्या डोळ्यापुढे हात हलवला. "अगं, खिडकीवर काजळी कसली धरलीये?" खिडकी स्वच्छ होती. काजळी त्यांच्या डोळ्याच्या आत उतरत होती. आई धावली, खालून मुलगी धावत वर आली, आणि घटकाभरात सगळे त्यांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. माझ्या पोटात भात तसाच राहिला.

दुपारी आत्या आली. तिने माझी वायर ओढून काढली, तो भात तसाच आत ठेवून झाकण लावलं, मला चादरीत बांधलं आणि रिक्षात घातलं. वाटेत रिक्षावाल्याला ती सांगत होती, "कंपनीने फसवलं हो मला. बिघडलेला कुकर दिला. साखर मारतच नाही मेला. डॉक्टरांनाच दाखवते, म्हणजे पुरावा राहील." रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसं आम्ही दोघं दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण सकाळपासून काम करून दमल्या होत्या. बाबा डोळ्यावर पट्टी बांधून बसले होते. आत्याने मला धाडकन टेबलावर ठेवलं आणि चादर सोडली. "हा बघा. यातलंच खातो तो. बाहेरचं एक शीत नाही. तरी असं कसं झालं? याला तपासा."

डॉक्टरबाईंनी माझ्या पोटावरची हिरवी चिठ्ठी वाचली. मग झाकण उघडलं. आत थंडगार पांढरा भात होता, काठोकाठ. "हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"यांचाच. एका वेळचा," आई म्हणाली.

"आणि गोळ्या?"

बाबांनी मान खाली घातली. मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली, कारण गोळ्या बंद आहेत हे तिलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी करवली होती. उपाशी रात्रीने ती फसत नाही. तो आकडा असायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

"कुकर चांगला आहे. कुकर साखर मारत नाही. कुठलंच भांडं मारत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आत्याने माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

उजवा डोळा वाचला नाही. आत रक्त साचलं होतं, पडदा ओढला गेला होता, पुढे शस्त्रक्रियाही झाली, पण त्या डोळ्याने बाबांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डावा डोळा अजून होता. "तो तुमच्या हातात आहे. गोळ्या आणि जेवण, दोन्ही. एकावर भागणार नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं.

घरी आल्यावर शिक्षा कुणाला झाली असेल? मला! चोर सोडून संन्याशाला सुळी. आत्याने माझ्या पोटावरची चिठ्ठी नखांनी खरवडून काढली, मला कपाटावर फेकलं आणि ती निघून गेली ती कितीतरी दिवस फिरकलीच नाही. कपाटावर माझ्या अंगावर धूळ बसली, आत झुरळ शिरलं. ज्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच मला नजरेआड केलं.

वरून मला खालचं टेबल दिसायचं. तिथे दुसराच मूर्खपणा चालला होता. आईने आता घाबरून बाबांचं जेवण वेगळं काढलं. त्यांच्या ताटात उकडलेला कोबी, तोही मिठाशिवाय, कारण कशात काय आहे कुणास ठाऊक. समोर बाकीच्यांच्या ताटात फोडणीचा वास. बाबा खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे. आणि दुपारी घरात कुणी नसलं की हाच माणूस डब्यातून बिस्किटं काढून उभ्या उभ्या खायचा. एकट्याला वाळीत टाकून कुणाची साखर उतरलेली मी अजून पाहिलेली नाही.

एक दिवस मुलगी अवेळी वर आली आणि तिने बाबांना डब्यात हात घातलेला पाहिला. ती इतकी ओरडली की रस्त्यावरची माणसं थांबली. "आंधळे होऊन बसायचंय का? माझी लहानपणापासूनची हौस आहे तुमच्यासारखं कुलपात नुसतं डोकावून आतल्या खाचा ओळखायची. शिकवणार कोण मला?"

"रोज तो गवतासारखा कोबी तू खाऊन दाखव," बाबाही ओरडले. "मी काय आजारी जनावर आहे, वेगळं बांधून घालायला?"

मुलीने स्टूल ओढलं, मला खाली काढलं आणि घासघास घासलं. चटके बसावेत इतक्या गरम पाण्याने. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरात एकच स्वयंपाक आणि तो माझ्यात. सगळ्यांसाठी. त्यासाठी आई आणि मुलगी मुद्दाम दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंकडे जाऊन सगळं समजून आल्या. आधी माझ्या तळाशी चमचाभर तेलात कांदा, लसूण, आलं परतायचं. मग रात्री भिजवलेले हरभरे किंवा अख्खे मसूर, वर टोमॅटो. झाकण, दाब, आणि माझं काम सुरू. झाकण उघडलं की शेवटी मूठमूठ पालक, तो माझ्या उरल्या आचेवरच मऊ होतो. कधी जव आणि भाज्या, कधी कोंबडी आणि फरसबी. भात बंद झाला नाही, पण तो वाटीत आला. ताटाचा अर्धा भाग भाजीने भरायचा, मग उरलेल्यात डाळ आणि भात. मीठ होतं, मिरची होती, लिंबू होतं. बाबांनी पहिल्या दिवशी संशयाने एक घास घेतला, मग खुर्ची वळवून टेबलाकडे तोंड केलं.

सगळं गोडगोड झालं असं मी सांगणार नाही. बाबा कुरकुरतात. आईचा हात भात वाढताना अजून सैल सुटतो आणि मुलगी तिचा डाव धरते. गोळ्यांची पेटी टेबलावर सगळ्यांसमोर असते. पण पुढच्या तपासणीला तीन महिन्यांचा आकडा खाली आला, त्याच्या पुढच्या वेळी आणखी खाली, आणि डावा डोळा टिकला. बाबा आता एका डोळ्याने कुलूप बघतात आणि मुलीला शिकवतात.

आणि मग एका दुपारी आत्या आली. वाळली होती. दारात उभी राहून तिने मला ओट्यावर पाहिलं आणि तोंड फिरवलं. आईने तिच्यासाठीही ताट मांडलं.

"छोट्याचं वेगळं कुठाय?" आत्याने विचारलं.

"वेगळं काही नाही वन्सं आता. सगळ्यांचं हेच."

आत्याने ताटाकडे पाहिलं. अर्धं ताट हिरवंगार, डाळ, वाटीभर भात. तिने घास उचलला आणि परत ठेवला. "त्या दिवशी मी दोन घेतले होते," ती म्हणाली.

"दोन काय?" बाबांनी विचारलं.

"कुकर. एक तुला, एक मला. माझीही साखर आहे, छोट्या. तुझ्या आधीपासून. कुणाला सांगितलं नाही. मोठीच आजारी पडली तर धाकट्याने बघायचं कुणाकडे?"

माझ्या पोटातली इतक्या वर्षांची आग त्या बाईवर होती. तिच्या घरात माझा एक भाऊ तिला रोज काठोकाठ भात घालतो आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

आत्याने डोळे पुसले आणि सवयीने आवाज चढवला. "आणि एवढासाच भात? मी काय चिमणी आहे?"

"ताई, माझा एक डोळा गेला," बाबा म्हणाले. "तुझे दोन्ही आहेत अजून. गप जेव."

आणि ती जेवली.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. तो तिच्यावरून उठला आणि जिथे असायला हवा तिथे जाऊन बसला, त्या शेवटच्या टेबलावर, जिथे कुकरच्या तोंडाकडे न बघता कुणीतरी अजूनही हिरव्या चिठ्ठ्या चिकटवतो आहे. मी भांडं आहे. मला घासा, माझी रिंग धुऊन वाळवा, मला आपटू नका, एवढं मी माझ्यासाठी मागतो. पण माझ्यावर श्रद्धा ठेवू नका. माझ्यात जे घालाल तेच मी शिजवून परत देईन, त्यात ना एक कण कमी ना एक कण जास्त. तुमच्या घरात कुणी गोळ्या सोडून एखाद्या भांड्याच्या, पुडीच्या किंवा चिठ्ठीच्या भरवशावर जेवत असेल, तर तो माणूस लाजेने सांगणार नाही. तुम्हीच उठा, झाकण उघडा आणि आत काय आहे ते बघा.